संपादक महोदय, मग पुढे काय झालं?

मुंबईतल्या मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेचं खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते, म्हणजे पुढे तुमच्या चुका काढायला तोंड राहील.

अंधेरीतल्या एका मराठी शाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सातवीच्या मुलांना गिल्बर्ट हिलला घेऊन जायचे. खाली उभं राहून, मान दुखेस्तोवर वर बघत थिजलेल्या लाव्ह्याचे ते काळे सरळसोट खांब मोजायचा प्रयत्न करायचा, मग गावदेवीच्या देवळापर्यंत पायऱ्या चढायच्या आणि वर वाऱ्यात डबे उघडायचे. डब्यांआधी माझं ठरलेलं भाषण असायचं: "मुलांनो, तुम्ही ज्या दगडावर बसला आहात ना, तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर मेले ते या दगडाने पाहिलंय." मुलं गप्प व्हायची. चपातीभाजी खाताना दगडाला हात लावून बघायची. मला फार बरं वाटायचं.

तो आकडा मी तुमच्या कात्रणांतून घेतला होता. निवृत्त झाल्यावर भूशास्त्र शिकलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने घरी येऊन, चहा पिता पिता, अगदी अदबीने सांगितलं, "बाई, एक सांगू का? गिल्बर्ट हिलचं वय २००१ सालीच मोजलंय. 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आलंय. ६ कोटी ५ लाख वर्षं, अधिक-उणे १२ लाख." म्हणजे अधिक-उणे कसंही धरा, शेवटचा डायनोसॉर मेल्यावर निदान ४० लाख वर्षांनी हा दगड थिजला. त्याने काहीही पाहिलेलं नाही. २००१ नंतरही कितीतरी वर्षं मी मुलांना तेच सांगत राहिले आणि त्या टेकडीवर अतिक्रमणाची किंवा दरडीची बातमी आली की तुम्हीही तोच आकडा छापत राहिलात. आजही तोच वाचायला मिळतो.

तर ही तक्रार एका आकड्याची नाही. तुमच्याकडे विज्ञानाच्या बातमीला पहिला दिवस असतो, दुसरा दिवस नसतो. खुनाच्या बातमीला असतो: आरोपी सापडला, जामीन झाला, निकाल लागला. क्रिकेटच्या बातमीला तर तिसरा आणि चौथाही असतो. विज्ञानात मात्र शोध लागतो, 'वैज्ञानिकही चक्रावतात', 'शास्त्रज्ञांची झोप उडते' आणि मग ते सगळे शास्त्रज्ञ बहुधा परत झोपी जातात, कारण त्यानंतर त्यांचं काय झालं ते वाचकाला कधीच कळत नाही.

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. पूर्वी त्यावर पाणी बंदच्या सूचना लागायच्या, आता त्या व्हॉट्सअॅपवर येतात म्हणून फळा मला मिळाला. मी त्यावर विज्ञानाची कात्रणं टाचण्या मारून लावते. डाव्या बाजूला बातमी, उजव्या बाजूला खडूने लिहिलेलं शीर्षक: 'मग काय झालं?' हे शीर्षक माझं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलीने तोच प्रश्न इतक्या वेळा विचारला की शेवटी लिहूनच टाकलं. डावी बाजू तुम्ही भरून देता, उजवी बाजू रिकामीच राहते.

२०२५ च्या फेब्रुवारीत मात्र त्या फळ्यासमोर अख्खी सोसायटी उभी होती. '२०२४ वायआर४' नावाचा लघुग्रह. २०२४ च्या २७ डिसेंबरला चिलीमधल्या दुर्बिणीने तो टिपला आणि २०३२ च्या २२ डिसेंबरला तो पृथ्वीवर आदळू शकेल असं गणित निघालं. आदळलाच तर कुठे, त्याचा एक पट्टा काढला होता: प्रशांत महासागराच्या पूर्व भागापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. त्यात मुंबईचं नाव निघालं. मग काय विचारता! वाहिन्यांवर गेटवे ऑफ इंडियावर आगीचे गोळे पडायला लागले. शक्यता आधी १ टक्क्याच्या वर, मग २ आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. रोज वाढतेय म्हणजे तो रोज जवळ येतोय, असं आमच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा प्रश्न जास्त व्यवहारी होता: "बाई, आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, पझेशन २०३१ चं आहे. सही करू की नको?"

आठवडाभरातच शक्यता ०.००४ टक्क्यांवर आली. ती बातमी तुमच्यापैकी काहींनी दिली, नाही असं नाही, पण आतल्या पानावर, बोटभर. आणि शक्यता आधी का वाढली आणि मग एकदम का कोसळली हे सांगणारी ओळ मला कुठेच दिसली नाही. त्यामुळे निम्म्या सोसायटीचा समज असा झाला की शास्त्रज्ञांचं गणित चुकलं आणि उरलेल्या निम्म्यांचा असा की सरकारने दडपलं. पहिल्या दिवशी जेवढी भीती विकली, दुसऱ्या दिवशी तेवढाच अविश्वास पेरला गेला.

वहिनींना मी चष्म्याचं उदाहरण दिलं. चष्मा हरवलाय आणि घरात पाच जागा आहेत: हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. स्वयंपाकघरात असायची शक्यता पाचात एक. हॉल शोधला, नाही. आता चारात एक. एक खोली झाली, तिनात एक. बघा, शक्यता वाढतेय, पण चष्मा काही स्वयंपाकघराकडे सरकत नाहीये. मग दुसऱ्या खोलीत पलंगाखाली सापडतो आणि स्वयंपाकघराची शक्यता एका क्षणात शून्य. लघुग्रहाचंही तेच झालं. त्याचा मार्ग नेमका कुठून, याची जागा मोजमापं वाढतील तशी आकुंचन पावत गेली. पृथ्वी त्या उरलेल्या जागेत होती तोवर तिचा वाटा वाढत गेला आणि बाहेर पडली तसा संपला. गणित सुरुवातीपासून बरोबरच चाललं होतं. वहिनींनी सही केली. बिल्डर वेळेवर पझेशन देईल याची शक्यता मात्र मला काढता आली नाही.

पाच ओळींत बसणारी ही गोष्ट. एवढी जागा तुम्ही रोज राशिभविष्याला देता, तेही एका राशीला.

त्याच वर्षीचा एप्रिल. के२-१८बी नावाचा ग्रह, १२४ प्रकाशवर्षं दूर. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाऊबंद वायू दिसल्याचं मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. समुद्राला जो वास येतो त्यात याचाही हात असतो. (वर्सोव्याच्या वासात इतर अनेकांचेही हात आहेत, पण ते असो.) आपल्याकडे मथळे आले की परग्रहावर जीवसृष्टी सापडली. मधुसूदन वाराणसीच्या आयआयटीतले, त्यामुळे 'भारतीयाचा डंका' हेही ओघाने आलं.

स्वतः त्या गटाने काय म्हटलं होतं? की पुरावा तीन सिग्मा आहे. म्हणजे तो वायू तिथे अजिबात नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढी खूण दिसायची शक्यता हजारात तीन. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात आणि त्यासाठी दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास हवेत, हेही त्यांनीच सांगितलं. महिना संपायच्या आत ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने तीच माहिती वेगळ्या पद्धतीने तपासली आणि सांगितलं की यातून सरळ सपाट रेषाही तितकीच चांगली बसते, म्हणजे खूण आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. इतर गटांनी दाखवलं की दुसरे रेणू धरले तरी आकडे जुळतात. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवरही सापडला आहे आणि धूमकेतूवर काही मासे पोहत नाहीत. मधुसूदन आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत, वाद चालू आहे आणि मला तर हा वाद मूळ बातमीपेक्षा जास्त रंगतदार वाटतो. फळ्यावर मी तो उजव्या बाजूला लिहिला तेव्हा मुलांनी दोन पक्ष पाडले आणि जिन्यात भांडण सुरू केलं. पहिल्या मजल्यावरचे काका दार उघडून ओरडले, "काय चाललंय?" मुलगी म्हणाली, "काका, तीन सिग्मा की पाच सिग्मा?" काकांनी दार लावून घेतलं.

थ्री-आय अॅटलस धूमकेतूला तुम्ही महिनोन्महिने परग्रहवासीयांचं यान केलंत. तो पृथ्वीच्या जवळ आला म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटरवर आला. पिसारा काय, वायू काय, सगळं धूमकेतूचंच होतं. नामशेष झालेला 'डायर वुल्फ' हा प्राणी जिवंत केल्याची बातमीही तशीच: करड्या लांडग्याच्या जनुकांत २० बदल केलेली ती पिल्लं, दिसायला गोंडस. पण त्यांना डायर वुल्फ म्हणायला लांडगे-कुत्र्यांच्या कुळाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तयार नाहीत. या दोन्हींवर मी जास्त वेळ घालवत नाही, कारण त्यात कोणाचं नुकसान झालं नाही.

नुकसान होतं ते इथे. २०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या भाचीचा डोंबिवलीहून फोन आला. सातवा महिना, अंगात १०२ ताप, आणि बाई क्रोसिन घ्यायला तयार नाही. का, तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की गरोदरपणी पॅरासिटामॉल घेतलं की मूल स्वमग्न होतं. हे तिने टीव्हीवर पाहिलं होतं, खाली पट्टीवर 'मोठा खुलासा' असं लिहिलेलं. सासूबाई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. मी तिला म्हटलं, "आधी तुझ्या डॉक्टरांना फोन कर, मग मला." डॉक्टरांनी गोळी घ्यायला सांगितली, दोन तासांत ताप उतरला. पण फोनवर रडत होती ती. "मावशी, मी बाळाला काही केलं तर नाही ना?"

या प्रश्नाचं उत्तर दीड वर्ष आधीच छापलेलं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात स्वीडनमधल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास आला. वरवर पाहिलं तर आईने पॅरासिटामॉल घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण किंचित जास्त दिसत होतं. मग संशोधकांनी एक साधी, हुशार गोष्ट केली. सख्ख्या भावंडांची तुलना केली. आई तीच, घर तेच, आनुवंशिकता बरीचशी तीच. एका वेळी तिने गोळी घेतली, दुसऱ्या वेळी नाही. या तुलनेत फरक नाहीसा झाला. म्हणजे आधी दिसलेला फरक गोळीचा नसून, ज्या कुटुंबांत ती गोळी जास्त लागते त्यांच्या इतर गोष्टींचा असावा. उलट गरोदरपणी अंगात ताप मुरू देणं हेच धोक्याचं असतं.

भावंडांची तुलना! आपल्या घरांत यापेक्षा समजायला सोपं काय आहे? "थोरल्याच्या वेळी घेतली होती, धाकट्याच्या वेळी नाही" हे कुठल्याही आजीला कळतं. तेवढं त्या पट्टीखाली आलं असतं तर एक बाई रात्रभर तापात पडली नसती. मी वाहिनीचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण रिमोटचं पुढचं बटण दाबलं तरी तेच दिसत होतं.

आता एक तुमच्या बाजूचंही बोलते. सगळा दोष तुमचा नाही. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं, वृत्तसंस्थेची तार इंग्रजीत येते, उपसंपादकाने बी.कॉम. केलेलं असतं आणि 'सुपरकंडक्टर'ला 'अतिसंवाहक' म्हणावं की 'अतिवाहक' यातच अर्धा तास जातो. शास्त्रज्ञ फोन उचलत नाहीत, उचलला तर इंग्रजीत बोलतात. हे मला ठाऊक आहे, माझा एक विद्यार्थी तुमच्यातच आहे. तो म्हणतो, "बाई, दुसऱ्या दिवसाची बातमी कोणी क्लिक करत नाही." करत नसतील. पण मुलं फळ्यावर उजवीकडेच आधी बघतात, एवढं मी सांगू शकते.

आणि दुसऱ्या दिवसाची बातमी तुमच्या दारातच असते. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियाच्या गटाने एलके-९९ नावाचा पदार्थ जाहीर केला: साध्या तापमानाला, साध्या दाबाला विजेला शून्य विरोध. जग बदलणार होतं. महिनाभरात ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो बनवून बघितला, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनेसुद्धा, आणि काही निघालं नाही. विरोध एकदम घटलेला दिसायचा तो त्यात भेसळ राहिलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे. पहिलं सगळ्यांनी छापलं. दुसरं शोधावं लागलं. पण याच विषयातली एक खरी, टिकलेली गोष्ट आपल्या कुलाब्यात घडली आहे. नेव्हीनगरच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ साली बिस्मथ या धातूत अतिवाहकता, म्हणजे तोच विजेला शून्य विरोध, सापडली, निरपेक्ष शून्याच्या (त्याहून थंड काही असूच शकत नाही) वर अवघ्या ०.०००५३ अंशांवर. बिस्मथमध्ये सुटे इलेक्ट्रॉन इतके कमी की लाख अणूंमागे एक. अतिवाहकतेचा जो सिद्धांत ५० हून जास्त वर्षं शिकवला जातो, त्याला हे गणित पचत नाही. त्याचं स्पष्टीकरण हा खुला प्रश्न झाला. चर्चगेटहून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर हे झालं. मुंबईतल्या किती मराठी वाचकांना माहीत आहे? मलाही कळलं ते तीन वर्षांनी, तेही एका विद्यार्थ्यामुळे.

म्यूऑनची गोष्ट तर तुमच्या धंद्यासाठीच रचल्यासारखी आहे. ७ एप्रिल २०२१ ला अमेरिकेतल्या फर्मिलॅबने जाहीर केलं की म्यूऑन या कणाचं चुंबकत्व सिद्धांतातून येणाऱ्या आकड्याशी जुळत नाही, ४.२ सिग्मांचा फरक. 'भौतिकशास्त्राचे नियम मोडले' वगैरे. गंमत अशी की त्याच दिवशी 'नेचर'मध्ये दुसऱ्या एका गटाचं गणित प्रसिद्ध झालं. महासंगणकावर, वेगळ्या वाटेने केलेलं. त्यांचा आकडा प्रयोगाच्या जवळ येत होता. म्हणजे मोडलं असेल तर निसर्गाचं काही नव्हे, आपलं जुनं गणित मोडलं असेल. चार वर्षं हा वाद चालला. २०२५ मध्ये सिद्धांतवाल्यांनी आपला आकडा त्या नव्या वाटेने काढला आणि त्याच सुमारास फर्मिलॅबचा अखेरचा, आणखी बारीक आकडा आला. दोन्ही जुळले. प्रयोग बरोबर होता, सिद्धांतही टिकला, गोची हिशेबाच्या जुन्या वाटेत असावी. एका दिवसाच्या दोन बातम्या, एक छापली गेली. मी डावीकडचं कात्रण चार वर्षं काढलं नव्हतं, टाचणी गंजली.

त्याहून जुनं एक कात्रण आहे. डिसेंबर २०१०: कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरात फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगणारा जिवाणू. २०१२ मध्येच दोन गटांनी दाखवून दिलं की त्यालाही जगायला फॉस्फरसच लागतो. मूळ शोधनिबंध मात्र मागे घ्यायला 'सायन्स' नियतकालिकाने जुलै २०२५ उजाडवला. लेखक अजूनही म्हणतात की आम्ही लबाडी केलेली नाही, मग मागे का घेता? यावर मोठी वादावादी चालू आहे: चुकीचा निष्कर्ष आणि खोटा निष्कर्ष यांना एकच शिक्षा असावी का? हा प्रश्न न्यायालयाच्या बातम्या देणाऱ्या कुठल्याही वार्ताहराला चांगला मांडता येईल, त्याला रसायनशास्त्र यायचीही गरज नाही.

२०२५ च्या २० मे रोजी जयंत नारळीकर गेले. तुम्ही पानं भरून लिहिलंत आणि चांगलं लिहिलंत. पण बहुतेक ठिकाणी 'बिग बँगला आव्हान देणारा शास्त्रज्ञ' यापुढे गाडी गेली नाही. आव्हान काय होतं, समोरच्यांकडे काय होतं, १९६५ मध्ये विश्वातून सगळीकडून येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्यावर स्थिर विश्वाची, म्हणजे विश्वाला सुरुवातच नव्हती असं म्हणणारी, नारळीकरांची बाजू कशी लंगडी पडली, आणि तरीही या माणसाने १९९३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर तिची सुधारलेली आवृत्ती कशी मांडली, हे सांगायला हवं होतं. बहुमताविरुद्ध उभं राहून, आकडे मांडून, सभ्यपणे हरता येतं हे ज्या माणसाने मराठीत लिहून दाखवलं, त्याच्या मृत्युलेखात वादच नाही! त्यांनीच २००८ मध्ये महाराष्ट्रातल्या २७ ज्योतिषांची परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ओळखायला दिल्या. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. मृत्युलेखाच्या शेजारच्याच पानावर त्या दिवशीचं राशिभविष्य होतं, ते मी कात्रणाबरोबर मुद्दाम ठेवलंय.

आता परत गिल्बर्ट हिलकडे येते, कारण खरा वाद तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तो आपला आहे. डायनोसॉर मेक्सिकोत पडलेल्या अशनीने मेले की दख्खनच्या ज्वालामुखींनी? २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्ह्याच्या थरांमधल्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय मोजलं आणि म्हटलं, उद्रेकांचा एक मोठा लोंढा अशनी पडायच्या हजारो वर्षं आधी सुरू झाला होता. बर्कलीच्या गटाने लाव्ह्याचं वय त्यातल्या आर्गॉन वायूवरून काढलं आणि म्हटलं, बहुतेक लाव्हा अशनी पडल्यानंतर आला. दगड दोघांनीही सह्याद्रीतलेच नेले. त्या निबंधांमध्ये थरांची नावं वाचा: नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटी स्टँडवरचा बोर्ड वाचतोय असं वाटेल. जगातले भूशास्त्रज्ञ ज्या आंबेनळीवरून भांडतात, त्या घाटातून आपण दर मे महिन्यात उलट्या करत महाबळेश्वरला जातो, आणि मराठी वर्तमानपत्रात आंबेनळीचं नाव येतं ते बस दरीत कोसळली तर.

माझी मागणी लहान आहे. पंधरा दिवसांतून एकदा, आतल्या पानावर का होईना, एक चौकट द्या: 'मग पुढे काय झालं?' स्वतःच छापलेली जुनी बातमी घ्या, तारखेसह, आणि तिचं काय झालं ते सांगा. टिकली असेल तर टिकली म्हणा. पडली असेल तर कोणी, कशी पाडली ते सांगा. अडकली असेल तर कुठे अडकलीय ते. दुसरं, कुठलाही आकडा छापताना त्याचं अधिक-उणे छाटू नका. जागा वाचवायला तुम्ही तेच आधी कापता. १२ लाख वर्षांचं अधिक-उणे कापलं काय नि ठेवलं काय, असं वाटत असेल, पण ते दिसलं की वाचकाला कळतं की हे कोणीतरी मोजलंय, आकाशातून पडलेलं नाही. आणि 'शास्त्रज्ञ म्हणतात' असं लिहाल तेव्हा कुठले शास्त्रज्ञ आणि त्यांच्याशी असहमत कोण, एवढं एक वाक्य. फोन उचलणारे दोन-चार मी देईन, माझेच विद्यार्थी आहेत, मराठीत बोलतात, न बोलले तर मला सांगा.

वाहिनीवाल्यांना वेगळं काही सांगत नाही. आगीचे गोळे तेवढे परत करा.

कळावे, लोभ असावा.

आपली रोजची वाचक,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका, अंधेरी (पश्चिम)

ता. क. — पुढच्या रविवारी सोसायटीतल्या ११ मुलांना घेऊन गिल्बर्ट हिलला जाते आहे, या वेळी दुरुस्त आकड्यासह. फळ्यावर मी तो ६.०५ ± ०.१२ कोटी असा लिहिलाय आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने मधल्या खुणेचा अर्थ विचारून ठेवलाय. तुमच्यापैकी एखाद्या उपसंपादकाला यायचं असेल तर सकाळी सातला पायऱ्यांशी भेटावं. पाण्याची बाटली आणावी, वर मिळत नाही. डबा नसला तरी चालेल, माझ्याकडे थालीपिठं असतील.